एक प्रश्न, दोन उत्तरं आणि ४४ टॉपर

आज सप्रमाणता आणि प्रश्न विश्लेषण. बी.एड.च्या पुस्तकांत ही दोन वेगळी प्रकरणं असतात, म्हणून विद्यार्थी ती वेगवेगळी पाठ करतात. मी दोन्ही एकाच प्रश्नावरून सांगणार आहे. हा प्रश्न इथे दिल्लीत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

५ मे २०२४ ची नीट. भौतिकशास्त्राच्या त्या प्रश्नात दोन विधानं होती. पहिलं: अणूत धन आणि ऋण प्रभार सारखे असल्याने तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरं: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. पहिल्याबद्दल वाद नव्हता. घोडं अडलं दुसऱ्यापाशी. रेडियमचे, युरेनियमचे अणू स्थिर कुठे असतात? म्हणून उत्तर चौथा पर्याय: पहिलं बरोबर, दुसरं चूक. पण एनसीईआरटीच्या बारावीच्या जुन्या पुस्तकात 'प्रत्येक' मूलद्रव्य असं छापलेलं होतं, नव्या पुस्तकात तिथे 'बहुतेक' आलं. जुन्या पुस्तकावर अभ्यास केलेल्यांनी हरकत घेतली आणि परीक्षा घेणाऱ्या एनटीएने दुसऱ्या पर्यायालाही, म्हणजे 'दोन्ही विधानं बरोबर' म्हणणाऱ्यांनाही, गुण दिले.

आता आकडे बघा. परीक्षेला सुमारे २३ लाख ३३ हजार मुलं बसली होती. चौथा पर्याय निवडणारी सुमारे ९ लाख २८ हजार, दुसरा निवडणारी सुमारे ४ लाख २० हजार. काठिण्य मूल्य म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण. नाव काठिण्य असलं तरी आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे! फक्त चौथा पर्याय धरला तर मूल्य येतं ०.४०. दोन्ही धरले तर ०.५८. प्रश्न तोच, मुलं तीच, उत्तरंही तीच. उत्तरसूची बदलली आणि अवघड प्रश्न मध्यम झाला.

खरी गंमत पुढे आहे. भेदक मूल्य विचारतं की हुशार मुलांना प्रश्न जास्त येतो का. ४० जणांच्या वर्गात एकूण गुणांनुसार वरचे ११ आणि खालचे ११ पेपर काढा (हे २७ टक्क्यांचं गणित १९३९ साली केली या अमेरिकन संशोधकाने मांडलं). वरच्यांपैकी ९ जणांचं उत्तर बरोबर, खालच्यांपैकी ४ जणांचं. फरक ५, भागिले ११, उत्तर ०.४५. छान प्रश्न. आकडा उणे आला, तर मात्र कुठेतरी पाणी मुरतंय.

नीटच्या पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण होते. त्यांतले ६ जण वाया गेलेल्या वेळेपोटी मिळालेल्या वाढीव गुणांमुळे तिथे पोचले होते. ते वगळले की उरले ६१. या ६१ पैकी ४४ जणांनी दुसरा पर्याय निवडला होता, चौथा फक्त १७ जणांनी! सगळ्या मुलांमध्ये चौथा पर्याय दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त लोकप्रिय, आणि अगदी टोकाला चित्र उलटं. ६१ जण म्हणजे २७ टक्के नव्हेत, त्यामुळे यावरून भेदक मूल्य काढता येत नाही. पण इतका उलटा कल दिसल्यावर परीक्षकाने थांबायलाच हवं.

इथे सप्रमाणता येते. आपण म्हणतो 'ही चाचणी सप्रमाण आहे', पण सप्रमाणता चाचणीला चिकटलेली नसते. गुणांवरून आपण जो अर्थ काढतो, तो टिकतो का, एवढाच तिचा प्रश्न. 'याला अणू कळतो' हा अर्थ या प्रश्नाच्या गुणांवरून काढता येईल? मला वाटतं, वरच्या थरात तरी नाही. तिथे हा प्रश्न बहुधा एवढंच मोजत होता की घरात पुस्तक कोणत्या सालचं आहे. थोरल्या भावंडाचं पुस्तक वापरणाऱ्या मुलाने ते शब्द न् शब्द वाचलं, आणि तेच त्याला नडलं.

२२ जुलै २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञ नेमायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अहवाल आला: चौथा पर्यायच बरोबर. दुसरा पर्याय निवडणाऱ्यांचे ४ गुण गेले आणि चुकीचा १ वजा झाला, म्हणजे ५ गुणांचा फटका. सुधारित निकालात पूर्ण गुणवाले १७ राहिले.

तज्ज्ञांचं उत्तर भौतिकशास्त्र म्हणून निर्विवाद आहे. पण 'उत्तर कोणतं' आणि 'हा प्रश्न ठेवावा का' हे वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा भौतिकशास्त्रज्ञाला विचारून सुटत नाही. त्यासाठी पर्यायवार आकडे निकालाआधी बघावे लागतात. उत्तरपत्रिका यंत्राने वाचल्या की ते हाताशीच असतात.

शिक्षकांनो, तुमच्या घटक चाचणीत एखाद्या प्रश्नाचं भेदक मूल्य उणे आलं, तर आधी उत्तरसूची तपासा, मग प्रश्नाची भाषा. तरीही उलगडा झाला नाही, तर वरच्या ११ मधल्या चुकलेल्या दोघांना बोलवा आणि विचारा, 'हे कुठे वाचलंस?'