मोबाइल खिशात, वीज आभाळात

लोंढा-खानापूर पट्ट्यात जत्रेतलं नाटक, भजन, हल्ली ऑर्केस्ट्रा, सगळं उघड्यावरच होतं आणि चैत्र-वैशाखात संध्याकाळचा वळीवही नेमका त्याच वेळी येतो. ढग गडगडायला लागले की मंडपात एक सूचना हमखास ऐकू येते : ‘मोबाइल बंद करा, मोबाइल वीज ओढतो.’ लोक निमूटपणे मोबाइल बंद करतात आणि आहेत तिथेच बसून राहतात. दरवर्षी तेच वाक्य, तेच समाधान. ही समजूत चुकीची तर आहेच, पण तिच्यामुळे लोकांचं लक्ष जागेवरून उठून खिशाकडे जातं, आणि जीव वाचतो किंवा जातो तो जागेवर.

ढगातून निघालेला विद्युतभाराचा माग सुमारे 50-50 मीटरचे टप्पे घेत खाली उतरतो. तो जमिनीजवळ आला की उंच, टोकदार, एकट्या उभ्या वस्तूंच्या शेंड्यावरून वरच्या दिशेने ठिणग्या निघतात. त्यांतली जी त्याला आधी गाठेल, तिथे वीज पडते. म्हणजे निवड ठरते ती उंचीवर, आकारावर आणि एकटेपणावर. पटांगणाच्या कडेचं झाड, दिव्यांचा लोखंडी मनोरा, मंडपाचा मधला खांब यांच्यापुढे खिशातल्या वीतभर वस्तूने काय फरक पडणार? मोबाइलच्या लहरींतही हवेला वाहक बनवण्याइतकी ताकद नसते. भारतात मोबाइल सेवा 1995 मध्ये आली. त्याच्या कितीतरी आधीपासून शेतात, माळावर, झाडाखाली माणसं विजेने मरत आली आहेत.

यावर उत्तर ठरलेलं असतं : ‘मग मोबाइलवर बोलताना वीज पडल्याच्या बातम्या येतात त्या खोट्या का?’ खोट्या नाहीत. पण आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो, तशी प्रत्येकाच्या पायात चप्पलही असते. चपलेने वीज ओढली असं कुणी म्हणत नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2006 साली लंडनच्या तीन डॉक्टरांनी लिहिलेल्या पत्राचाही दाखला दिला जातो. उद्यानात मोबाइलवर बोलणाऱ्या मुलीवर वीज पडल्याची ती घटना होती. पण वीज अंगावर आल्यानंतर कानाशी धरलेल्या फोनमुळे शरीराच्या आतली इजा वाढू शकते, एवढाच त्या पत्राचा मुद्दा होता. फोनने वीज बोलावली, असं त्यात म्हटलेलं नाही. धोका आहे तो तारेच्या फोनचा आणि भिंतीतल्या पिनला लावून ठेवलेल्या मोबाइलचा, कारण तिथे वीज तारेतून घरात येते.

खरी भीती वाटायला हवी ती मंडपाची. विजेच्या बळींमध्ये थेट अंगावर वीज पडलेले जेमतेम 3 ते 5 टक्के असतात, असं या विषयावर आयुष्यभर काम केलेल्या डॉ. मेरी अ‍ॅन कूपर यांचे अभ्यास सांगतात. बाकीच्यांपैकी बहुतेकांना वीज गाठते ती जमिनीतून पसरत किंवा शेजारच्या वस्तूवरून उडी मारून. आता मंडप डोळ्यांसमोर आणा : चिखलात रोवलेले लोखंडी पाइप, वर ताडपत्री, पाइपला टेकून बसलेली पोरं, ओल्या सतरंजीवर बायका, आणि जनरेटरपासून स्पीकरपर्यंत जमिनीवरून ओढलेल्या वायरी. ताडपत्री पाऊस अडवते, वीज अडवत नाही. जर्मनीत मेंडिग इथे जून 2016 मध्ये ‘रॉक अ‍ॅम रिंग’ हा उघड्यावरचा संगीत महोत्सव चालू असताना विजेने सत्तरहून अधिक लोक जखमी झाले आणि पुढचे कार्यक्रम आवरते घ्यावे लागले. आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात 2022 या एका वर्षात विजेचे बळी 2,887 आहेत.

उलट मोबाइल चालू ठेवायला हवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे अ‍ॅप आपल्या आसपास 20 ते 40 किलोमीटरच्या टापूत विजा होत असतील तर इशारा देतं. मोबाइल बंद करणारा माणूस हा इशाराच बंद करतो. ‘पण गावात जायचं कुठे?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. शाळेची किंवा स्टेशनची भिंती-छपराची पक्की इमारत, काचा वर केलेली बस किंवा जीप. चारी बाजूंनी उघडी शेड चालणार नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की उठायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही. कार्यक्रम थांबवणं हा कलाकाराचा अपमान आहे, असं म्हणणाऱ्यांनी एवढंच आठवावं की धारवाडकडच्या कुंदगोळच्या सवाई गंधर्वांच्या नावाचा पुण्यातला महोत्सवसुद्धा 2014 च्या डिसेंबरात अवकाळी पावसामुळे जानेवारीवर ढकलला गेला.

बाकीच्या समजुती झटपट. पायाळू माणसावर वीज पडते : जन्मताना पाय आधी आले की डोकं, हे विजेला कळत नाही. एकदा पडली तिथे पुन्हा पडत नाही : न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर वर्षाला वीसेक वेळा पडते. गाडीत रबरी टायर वाचवतात : टायर नाही, बंद धातूचा सांगाडा वाचवतो, म्हणून मोटरसायकलवर संरक्षण शून्य. पाऊस नाही म्हणजे वीज नाही : पावसाच्या सरीपासून दहा-पंधरा किलोमीटर दूर, कोरड्या जमिनीवरही ती पडते. आषाढातली झड धोक्याची आणि वळीव किरकोळ : दक्षिण भारतात विजांचा जोर पावसाळ्याच्या आधी आणि परतीच्या पावसात जास्त असतो.

आणि एक समजूत थेट जीव घेणारी : वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. थांबलेलं असू शकतं ते त्याचं हृदय आणि श्वास. पुन्हा वीज पडण्याच्या जागेवरून त्याला हलवावं, 108 ला फोन लावावा, आणि श्वास चालू नसेल तर अँब्युलन्स येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोरात दाबत राहावं.