बोलीचा उच्चार टिपताना : मायक्रोफोन आणि हेडफोन यांची निवड

बोलीभाषेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रश्नावली कशी रचावी, निवेदक कोणत्या वयाचा व कोणत्या वस्तीतला घ्यावा, लिप्यंतर कसे करावे, हे सर्व वर्गात शिकविले जाते. परंतु निवेदकाचा उच्चार ज्या साधनात पहिल्याने शिरतो तो मायक्रोफोन, आणि ज्या साधनातून तो संशोधकाच्या कानी पुन्हा येतो तो हेडफोन, यांच्याविषयी बहुधा अवाक्षरही काढले जात नाही. ती बाब तंत्रज्ञाची, असा एक समज आहे. परंतु बोलीतील कोणता भेद जतन करावयाचा आहे हे ठाऊक असल्यावाचून साधन निवडता येत नाही, आणि तो भेद भाषाभ्यासकालाच ठाऊक असतो. प्रस्तुत लेखात या निवडीची काही तत्त्वे बीड जिल्ह्यातील क्षेत्रकार्य डोळ्यांपुढे ठेवून मांडावयाची आहेत.

बीड जिल्हाच का, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्या सर्वेक्षणाच्या कक्षेत हैदराबाद संस्थान नव्हते, आणि बीड १९४८ पर्यंत त्या संस्थानात होते. पुढे १९६३ पासून अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींच्या पाहणीचे जे खंड सिद्ध केले त्यांत कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली, कासरगोडची मराठी अशा बोली आल्या. त्यांचा भर मुख्यतः कोकण व पश्चिम किनाऱ्यावर होता. अलीकडे डेक्कन महाविद्यालय व राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणाने ध्वनिमुद्रित नमुन्यांचा संग्रह सुरू केला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि एकेका तालुक्याचे, एकेका जातिसमूहाचे व पिढीचे सूक्ष्म काम अद्याप विद्यार्थ्यांनीच करावयाचे आहे. आंबेजोगाईस दासोपंतांची पासोडी जतन होऊन राहिली, म्हणजे या जिल्ह्यात लिहिलेली मराठी कापडावरसुद्धा टिकली. बोललेली मराठी टिकविण्याचे काम मात्र आता ध्वनिमुद्रणावाचून होणार नाही.

आता प्रश्न असा की टिकवावयाचे काय? मराठी लिपीत 'चारा' आणि 'चार' या दोहोंचा आद्य वर्ण एकच दिसतो. परंतु गुरांचा 'चारा' दंततालव्य 'च'ने उच्चारला जातो व संख्यावाचक 'चार' शुद्ध तालव्य 'च'ने. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य यांतही असाच भेद आहे. हा भेद श्रुतिगोचर होतो तो मुख्यतः घर्षणाच्या अंशामुळे. तालव्य 'च'मधील घर्षणाची ऊर्जा सामान्यतः अडीच-तीन हजार हर्ट्झपासून पुढे आढळते. दंततालव्याची ऊर्जा त्याहून पुष्कळ वर, चार-पाच हजारांच्या पलीकडे एकवटते. जुन्या दूरध्वनीची मर्यादा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच होती. विद्युत्-मायक्रोफोन प्रचारात येण्यापूर्वी भोंग्यात ओरडून केलेल्या ग्रामोफोन-मुद्रणात तर दोन-अडीच हजारांच्या पलीकडचे फारसे काही उतरतच नसे. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोन-तबकड्या तयार झाल्या. त्यांपैकी भोंग्याच्या पद्धतीने घेतलेल्या तबकड्या ऐकताना 'च'कारांचा निर्णय वाक्याच्या अर्थावरून करावा लागतो, कानावरून नव्हे. आज आपण हलके साधन घेतले तर शंभर वर्षे लोटूनही आपण तेथेच राहू.

दुसरे उदाहरण रूपविचारातील घेऊ. बीडकडे 'काय करायलास?' असा चालू वर्तमानकाळाचा प्रयोग सर्रास ऐकू येतो. 'करायला लागलास' अशा जोडणीशी त्याचा संबंध लावण्याचा मोह होतो. पण मधला स्वर किती दीर्घ आहे, वृद्ध निवेदकाच्या जलद बोलण्यात लोप पावलेल्या अक्षराचा काही अवशेष उरतो की काय, हे ठरवावयाचे तर आघातहीन अक्षरे खोलीतील घुमण्यात बुडालेली असून चालणार नाही. पहिल्या उदाहरणात वरच्या वारंवारतांचा प्रश्न आहे, दुसऱ्यात शांततेचा. साधनांची सारी चर्चा या दोहोंभोवती फिरते.

मायक्रोफोनचे दोन प्रमुख प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. डायनॅमिक प्रकारात पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते. कंडेन्सर प्रकारात पडदा हाच विद्युत्-धारकाची एक बाजू असतो. डायनॅमिक कणखर असतो, त्याला बाहेरून वीज लागत नाही. १९६६ पासून सभा-मैफलींत वापरला जाणारा शूर कंपनीचा एस. एम. ५८ हा त्याचा सुपरिचित नमुना. त्याची मर्यादा ५० ते १५,००० हर्ट्झ सांगितली जाते. म्हणजे 'च'काराचा भेद त्यातही उतरेल. तथापि तो तोंडाशी धरण्यासाठी घडविलेला आहे, आणि हातात दांडा घेऊन बोलणारा ग्रामीण निवेदक ताबडतोब भाषण करू लागतो. त्याची घरगुती बोली तेथेच संपते! कंडेन्सर अधिक संवेदनशील, आघातहीन अक्षरे टिपण्यास अधिक योग्य. मात्र त्याच्या अनेक नमुन्यांना मुद्रणयंत्रातून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो व त्यामुळे यंत्राची बॅटरी लवकर उतरते. जेथे भारनियमनाचा भरवसा नाही तेथे जादा बॅटऱ्या नेणे हा मायक्रोफोनच्या निवडीचाच एक भाग समजावा.

याहून महत्त्वाचा भेद दिशेचा आहे. सर्व बाजूंचा ध्वनी सारखा घेणारा तो सर्वदिश; पुढचा अधिक व मागचा कमी घेणारा तो एकदिश. गोंगाटात एकदिश घ्यावा असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. एकदिश मायक्रोफोन तोंडाच्या फार जवळ आला की खालच्या वारंवारता आपोआप फुगतात. सर्वदिश मायक्रोफोनमध्ये हा दोष येत नाही. 'म्ह', 'न्ह', 'ल्ह' यांतील श्वासयुक्त घोषाचे मापन खालच्या वारंवारतांच्या परस्परप्रमाणावर अवलंबून असते. तेव्हा ज्याला महाप्राणांचा अभ्यास करावयाचा आहे त्याने जवळ ठेवलेला सर्वदिश मायक्रोफोनच पसंत करावा.

अंतर हे किमतीहून श्रेष्ठ आहे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. तोंडापासून ५ सेंटिमीटरवरचा मायक्रोफोन ४० सेंटिमीटरवर नेला तर आवाज १८ डेसिबलने उतरतो. छताचा पंखा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून टेबलावर ठेवलेल्या भारी मायक्रोफोनपेक्षा डोक्याला अडकवावयाचा, गालाशी येणारा साधा कंडेन्सर उच्चाराभ्यासाला अधिक उपयोगी पडतो. निवेदक मान वळवो, पुढे झुको, अंतर तेच राहते. तो ओठांच्या कोपऱ्यापासून तीन-चार सेंटिमीटर बाजूस असावा, समोर नसावा. नाहीतर 'फ', 'ख', 'थ' यांच्या श्वासाचा झोत पडद्यावर आदळून धडाके उमटतात.

परंतु पुस्तकातील ही शिफारस पाटोदा किंवा वडवणी तालुक्यातील एखाद्या घरात कशी उतरते ते पाहिले पाहिजे. वृद्ध स्त्रीच्या डोक्यावर पदर असतो, पुरुषाच्या डोक्याला फेटा वा टॉवेल. परक्या तरुणाने पदराखाली पट्टी अडकविणे अशोभनीय होय. एक तर सोबत विद्यार्थिनी असावी, किंवा ते साधन निवेदिकेच्या हाती देऊन तिलाच लावू द्यावे. छातीशी टाचावयाचा छोटा मायक्रोफोन हा पर्याय आहे. मात्र पदर सळसळतो, मणी घासतात, आणि ती घासणी नेमकी घर्षक व्यंजनांच्याच प्रदेशात पडते. तो टाचावयाचाच असेल तर दागिन्यांपासून दूर, कापडाची घट्ट घडी करून टाचावा.

ऋतूचाही विचार केला पाहिजे. या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे हे निवेदक गावी भेटावयाचे ते पंख्याच्या दिवसांत किंवा पत्र्यावर पाऊस वाजत असताना. हिवाळ्यात भेटावयाचे तर कारखान्याच्या परिसरातील कोपीवर, उघड्या रानात. तेथे वारा हा शत्रू. वाऱ्याचा मारा पडद्यावरच होत असल्यामुळे नंतर संगणकावर तो काढून टाकता येत नाही; फोमची टोपी मंद वाऱ्याला पुरते, जोराच्या वाऱ्याला केसाळ आवरणच लागते.

जात्यावरच्या ओव्यांचा प्रश्न निराळा आहे. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी आरंभिलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण १९९० नंतरच्या दशकात झाले, आणि त्यात १९९६ साली माजलगाव येथे घेतलेली मुद्रणेही आहेत. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून ती सर्वांना ऐकता येतात. गिरण्या आल्यावर जाती मागे पडली, तेव्हा अशा मुद्रणाला पुनश्च संधी नाही असे धरूनच चालावे. येथे गालाचा मायक्रोफोन निरुपयोगी. दोघी समोरासमोर बसतात, एकीने ओळ सोडली की दुसरी उचलते, आणि दगडाची घरघर हा त्या गाण्याचा ठेका असतो. दोन मायक्रोफोनांची जोडी थोड्या उंचीवर, एक-दीड मीटर अंतरावर मांडावी. मुद्रणयंत्रातील खालच्या वारंवारता गाळण्याची कळ अशा वेळी बंद ठेवावी. ८० हर्ट्झखालचे गाळल्याने स्त्रीस्वराचे काही बिघडत नाही हे खरे. परंतु जात्याची घरघर जाते ती जातेच. गाळावयाचे ते घरी, प्रतीवर.

भ्रमणध्वनीवर मुद्रण करावे काय, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. त्याचा अंगचा मायक्रोफोन दिसतो तितका वाईट नाही. वाईट असतात ते त्यातील स्वयंचलित उपकार. आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते, 'अनावश्यक' ध्वनी दाबले जातात, आणि यंत्राला अनावश्यक वाटणाऱ्या ध्वनींत 'ह'कार बहुधा पहिला असतो. हे सर्व बंद करू देणारे ॲप घेऊन, ४४,१०० किंवा ४८,००० नमुने प्रतिसेकंद या दराने, असंक्षेपित स्वरूपात मुद्रण केले व बाहेरून चांगला मायक्रोफोन जोडला, तर प्राथमिक पाहणीस ते चालेल. ब्लूटूथच्या श्रवणसंचातील मायक्रोफोन मात्र कटाक्षाने वर्ज्य. संभाषणाच्या रीतीत त्याची मर्यादा प्रचलित संचांत चार किंवा आठ हजार हर्ट्झखालीच थांबते, आणि चार हजारांत 'चारा' पुरता दंततालव्य राहत नाही.

हेडफोनकडे वळू. त्याची दोन कामे आहेत व ती एकाच जोडीने होत नाहीत. मुद्रण चालू असताना तो संशोधकाच्या कानांवर असलाच पाहिजे. यंत्रावरील काटे पातळी दाखवितात, पदराची सळसळ दाखवीत नाहीत. यासाठी पाठ बंद असलेला, कान पूर्ण झाकणारा, तारेचा हेडफोन घ्यावा, म्हणजे निवेदकाचा प्रत्यक्ष आवाज आणि यंत्रात शिरणारा आवाज यांची गल्लत होत नाही. १९९१ पासून प्रचारात असलेला सोनीचा एम. डी. आर. ७५०६ या कामी जगभर वापरला जातो. बाहेरचा गोंगाट विद्युत्-युक्तीने मारणारे हेडफोन प्रवासाला सुखद आहेत, परंतु ते मूळ ध्वनीत स्वतःची भर घालतात. परीक्षणाला ते नकोत.

लिप्यंतराचे काम तासन् तास चालते. तेथे शांत खोली असेल तर उघड्या पाठीचा हेडफोन कानाला कमी थकवितो व नैसर्गिक वाटतो. खरेदीपूर्वी ओहममधील अवरोध पाहावा. बायरडायनॅमिकचा डी. टी. ७७० हा बंद पाठीचा नमुना ३२, ८० व २५० ओहम अशा रूपांत मिळतो. २५० चा संच साध्या लॅपटॉपला जोडला तर आवाज क्षीण येतो आणि विद्यार्थी विनाकारण हेडफोनला दोष देतो. खर्जाला फुगवून देणारे, गाण्यासाठी विकले जाणारे हेडफोन टाळावेत, कारण त्यांत घोष-अघोषाचा निर्णय चुकण्याचा संभव वाढतो. आणखी एक सावधगिरी : जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचविली आहे. अस्पष्ट शब्द ऐकण्यासाठी आवाज वाढविण्यापेक्षा तोच तुकडा सावकाश गतीने पुन्हा लावावा.

घरून व्याख्यान मुद्रित करणाऱ्या अध्यापकांची गरज याहून साधी आहे. तेथे वक्त्याचा उच्चार हा अभ्यासविषय नसतो, शब्द कळले म्हणजे झाले. आपल्या घरांतील फरशी व उघड्या भिंती आवाज परतवितात. महाग, संवेदनशील कंडेन्सर ते सारे घुमणे इमानाने टिपतो. येथे तोंडाजवळचा एकदिश डायनॅमिक मायक्रोफोनच सरस ठरतो. पाठीमागच्या भिंतीवर एक जाड वाकळ टांगली तर जो फरक पडतो तो दुप्पट किमतीच्या मायक्रोफोननेही पडत नाही. लॅपटॉप चार्जरवर असताना ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर चार्जर काढून पाहावा.

विभागाला मर्यादित अनुदानातून खरेदी करावयाची असेल तर क्रम असा असावा असे मला वाटते : प्रथम बॅटरीवर चालणारे, असंक्षेपित मुद्रण करणारे यंत्र; त्याबरोबरच बंद पाठीचा हेडफोन आणि गालाशी बसणारा सर्वदिश मायक्रोफोन; मग ओव्या व समूहसंवादासाठी मायक्रोफोनांची जोडी. केसाळ आवरण ही किरकोळ वस्तू मागणीपत्रातून हमखास वगळली जाते. ती पहिल्याच यादीत घालावी. हेडफोनची तार दोन जोड्यांना विभागणारी पट्टीही सोबत असावी, कारण मुद्रणानंतर निवेदिकेला स्वतःचा आवाज ऐकविला की 'असं नाही, आमच्यात असं म्हणतात' म्हणून ती पुष्कळदा नवेच रूप सांगते, आणि त्या वेळी यंत्र चालू असावे लागते.