सातबारा मुलाच्या नावावर करण्याआधी



ऊस विकास खात्याच्या माणसाने म्हातारपणाच्या सांभाळावर लिहावे, हे कोणास आगंतुकपणाचे वाटेल. पण लागणीच्या नोंदी घेत आम्ही गावोगाव हिंडतो, तेव्हा क्षेत्र कोणाच्या नावे आहे हे पाहावेच लागते. मागल्या हंगामापर्यंत ज्यांच्या नावे नोंद होती ते आजोबा यंदा सोप्यात खाटेवर दिसतात. सातबारा, शेअर, उसाचे बिल सारे मुलाच्या नावे झालेले असते. बहुतेक घरांत त्यात वावगे काही नाही. काही घरांत मात्र गोळ्या-औषधाला पैसे मागताना म्हाताऱ्याची मान खाली जाते.

“पोरांनी नाही बघितलं तर सरकार बघंल,” असे पुष्कळजण म्हणतात. सरकार काय बघते ते पाहू. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा 2007 साली झाला. त्यात जिल्ह्याला निदान एक, दीडशे जणांचे वृद्धाश्रम राज्याने काढावेत अशी तरतूद आहे, पण ती निराधारांसाठी, आणि राज्याने ते काढलेच पाहिजेत अशी सक्ती नाही. श्रावणबाळ योजनेलाही उत्पन्नाची अट आहे. बागायतदाराला तिथे थारा मिळणे अवघड. 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्याचे कार्ड जरूर काढावे. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची उठबस करायला बाई ठेवली, तर तिचा पगार त्यातून निघत नाही.

म्हणजे फिरून भार घरावरच. तिथे मात्र हा कायदा कामाचा आहे. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडे यांच्याकडून पोटगी मागता येते. मूलबाळ नसेल तर ज्याला आपली इस्टेट मिळणार त्या नातेवाइकाकडून. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. पोटगी महिना दहा हजारांपर्यंत, आणि नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यावा, फार तर तीस दिवस जास्त, असे कायदा सांगतो.

खरी मेख कलम 23 मध्ये आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. अट मात्र असली पाहिजे. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका आईचा दावा याच मुद्द्यावर टिकला नाही. तिने हक्क सोडून दिला होता, पण सांभाळाची अट कुठे दिसत नव्हती. जानेवारी 2025 मध्ये दुसऱ्या एका आईचे बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द ठरवले. तिच्या मुलाने सांभाळाचे वचनपत्र लिहून दिले होते.

तेव्हा दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी मसुदा कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा. राहणे, जेवणखाण, कपडालत्ता, औषधपाणी, आजारपणातली शुश्रूषा हे शब्द त्यात आहेत का ते ऐकावे. “आपलाच पोरगा, त्याला कागद कशाला?” असे म्हणून लाजू नये, उसाचा करारही आपण कारखान्याशी लेखीच करतो की. वडिलोपार्जित जमिनीत मुलांचा हक्क जन्मतःच असतो, ती गोष्ट निराळी. हे सारे आपल्या स्वतःच्या वाट्याविषयी आहे.

आणि त्या वाट्यातलेही सगळे देऊ नये, असे आमचे मत. एखादा एकर आणि कारखान्याचा शेअर स्वतःच्या नावे राहू द्यावा. बिल मग आपल्याच खात्यावर पडते.