गर्भाशयमुखाचे ‘इरोजन’ : भय नको, जागरूकता हवी

‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे,’ असे डॉक्टरांनी सांगितले की आपल्या अनेक भगिनींच्या पायांखालची जमीन सरकते. कर्करोगाची शंका मनात घर करते. संकोचामुळे घरात कोणाला सांगताही येत नाही. म्हणून या निदानाचा अर्थ आपण नीट समजून घेऊ या.

वैद्यकीय भाषेत या अवस्थेला ‘सर्व्हायकल इरोजन’ म्हणत. इरोजन म्हणजे झीज. परंतु येथे झीजही नसते आणि जखमही नसते. म्हणूनच आता ‘एक्ट्रोपियन’ हा शब्द वापरला जातो. गर्भाशयमुखाच्या आतील नाजूक पेशींचा थर बाहेरच्या बाजूस येतो. तो पातळ असल्याने लालसर दिसतो. तारुण्यात, गरोदरपणी किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेताना इस्ट्रोजेन संप्रेरकाच्या प्रभावाने असे घडते. हा कर्करोग नव्हे, त्याची पूर्वावस्थाही नव्हे. त्रास नसल्यास उपचारांची गरज नसते. पांढरे पाणी फार जात असेल किंवा शरीरसंबंधानंतर रक्त दिसत असेल, तर तपासणीनंतर उष्णतेने अथवा अतिशीत उपकरणाने तो थर नाहीसा करता येतो.

मग काळजी केव्हा करावी? पाळी नसताना, शरीरसंबंधानंतर अथवा पाळी कायमची बंद झाल्यावर रक्तस्राव होणे, दुर्गंधीयुक्त वा रक्तमिश्रित स्राव जाणे, ओटीपोटात सतत दुखणे, ही लक्षणे अंगावर काढू नयेत. रजोनिवृत्तीनंतर एक्ट्रोपियन सहसा आढळत नाही. त्यामुळे त्या वयात ‘जखम’ दिसल्यास तपासणी करून घ्यावीच.

केवळ डोळ्यांनी पाहून खात्री होत नाही. पॅप चाचणीत पेशी तपासल्या जातात, तर एचपीव्ही चाचणीत या कर्करोगास बहुतांशी कारणीभूत असणारा विषाणू शोधला जातो. शासकीय कार्यक्रमात 30 ते 65 वर्षे वयाच्या स्त्रियांची दर 5 वर्षांनी सौम्य ॲसिटिक आम्ल लावून तपासणी करण्याची तरतूद आहे. कर्करोगाची पूर्वावस्था वेळीच सापडल्यास ती पूर्ण बरी होते. 9 ते 14 वर्षांच्या मुलींना प्रतिबंधक लस देता येते.

आणखी एक सावधगिरी हवी. केवळ ‘जखम’ आहे म्हणून गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, तर घाई करू नये. चाचण्यांचे अहवाल मागावेत, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांच्या प्रश्नाची दखल 2023 साली सर्वोच्च न्यायालयानेही घेतली आहे.

मार्ककृत शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आपल्याला भेटते. अनेक वैद्यांकडे तिचे सारे द्रव्य खर्च झाले होते. ती गर्दीतून लपतछपत आली. प्रभू येशूने मात्र तिला सर्वांसमोर ‘मुली’ म्हणून जवळ केले. आपल्या धर्मग्रामांतील महिला मंडळांत आणि कुटुंबांतही या विषयावर निःसंकोच बोलले जावो, जेणेकरून कोणत्याही भगिनीला आपले दुखणे लपवावे लागणार नाही.