जुनें दार उघडें असतांनाच

महालांतील वाड्यांतून धरमपेठेंत बिऱ्हाड न्यावयाचें झालें, तर नागपूरचा गृहस्थ टपालकचेरींत नवा पत्ता देतो, आप्तेष्टांस चार ओळी लिहितो, आणि मगच सामान हलवितो. समाजमाध्यमांवरील बिऱ्हाडाची मात्र अशी काळजी आपण क्वचितच घेतों. ऑर्कुट २०१४ सालीं बंद झालें; आपल्याच देशांत निघालेलें व मराठींतहि चालणारें 'कू' २०२४ च्या जुलैंत गेलें. मालकानें दार लावलें कीं जमविलेला गोतावळा तुटलाच!

ह्यावर एक तोड आहे. जर्मनींतील ऑयगेन रोच्को ह्यांनीं २०१६ सालीं काढलेलें मॅस्टोडॉन एका मालकाचें नव्हे. निरनिराळ्या व्यक्ति व संस्था आपापले सर्व्हर चालवितात. तरीहि एकावरील मनुष्य दुसऱ्यावरील मनुष्याशीं बोलूं शकतो. २०१९ च्या नोव्हेंबरांत, वकील संजय हेगडे ह्यांचें खातें ट्विटरनें बंद केल्याच्या निषेधार्थ, पुष्कळ भारतीय इकडे आले.

येथें सर्व्हर बदलण्याची रीत ठरलेली आहे. नव्या सर्व्हरवर खातें उघडावें, त्यांत जुन्या खात्याचें नांव नोंदवावें, आणि मग जुन्या खात्यांतून स्थलांतराची आज्ञा द्यावी. आपले अनुयायी बहुधा आपोआप मागोमाग येतात. आपण ज्यांचें लेखन वाचतों त्यांची यादी मात्र स्वतः उतरवून न्यावी लागते. आणि आपलें जुनें लेखन? तें जुन्याच घरीं राहतें. त्याची प्रत ७ दिवसांतून एकदां मागवितां येते. पण ती मागावयास हवी.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादींतील सर्व्हरचालक, बंद करण्यापूर्वीं किमान ३ महिने सूचना देण्याचें वचन देतात. आमच्या सर्व्हरच्या चालकानेंहि अशी सूचना दिली होती. 'दिवाळीनंतर पाहूं' म्हणून आम्हींच ती बाजूस सारली. सर्व्हर बंद झाल्यावर स्थलांतराची आज्ञा द्यावयास जुनें खातेंच उरलें नाहीं. ओळखीचीं माणसें हळूहळू पुन्हां सांपडलीं; परंतु आईच्या अखेरच्या वर्षीं, तिच्या तोंडून ऐकून लिहिलेल्या माहेरच्या आठवणी कायमच्या गेल्या. त्या पुन्हां कोणास विचाराव्या?

म्हणून वाचकांस एवढीच विनंति आहे. सर्व्हर बदलण्याचा विचार असो वा नसो, आज रात्रीं जेवणें आटोपलीं कीं आपल्या लेखनाची प्रत घरच्या संगणकावर उतरवून ठेवावी. घर भाड्याचें असलें तरी आंतील ठेव आपली आहे.