बाहुली मोठी होईपर्यंत

"थेंब घातलेत, आता डोळे मिटून बसा," असं म्हणत सिस्टर पुढच्या माणसाकडे वळल्या. बाकावर आठ जण, प्रत्येकाच्या हातात कापसाचा बोळा. सगळे शुगरवाले. तालुक्याच्या गावात डोळ्यांच्या पडद्याची तपासणी चालू होती. मी काम बघायला गेलो होतो, पण पहिला तास वाट बघण्यातच गेला. बाहुली मोठी व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि मधुमेह जुना असला की ती बरेचदा हटून बसते. मग पुन्हा थेंब, पुन्हा मिटलेले डोळे.

शेजारी बसलेले काका एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. चौदा वर्षांची शुगर. मघाशी तक्त्यावरची ६/६ ची बारीक ओळ त्यांनी घडाघडा वाचून दाखवली होती. "गाडीचा बोर्ड मला लांबच्या वळणावरून वाचता येतो. मग हे कशाला?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं. मलाही तो प्रश्न रास्तच वाटला.

आतली खोली अंधारी. कॅमेऱ्यावर बसलेली मुलगी दिवसभर तीच चार वाक्यं बोलते, पण प्रत्येकाशी नव्यानं. "हनुवटी ठेवा काका, कपाळ पट्टीला टेकवा. आत हिरवा ठिपका दिसतोय? त्याच्याकडेच बघा. पापणी लववा... आता डोळा मोठ्ठा उघडा." लख्ख प्रकाश पडला, काका दचकले. मोतीबिंदू पिकलेला असेल तर फोटो धुक्यातला येतो. काकांचा स्वच्छ आला.

स्क्रीनवर नारिंगी गोल, त्यात एक फिकट पिवळी चकती. डोळ्याची नस मेंदूकडे निघते ती ही जागा. उजव्या डोळ्याच्या फोटोत ती उजवीकडे असते, डाव्याच्या डावीकडे. फोटोंची अदलाबदल झाली तर या खुणेवरून लगेच कळतं. चकतीतून रक्तवाहिन्यांच्या फांद्या पसरलेल्या. न चिरता शरीरातल्या रक्तवाहिन्या इथे अशा उघड्या बघता येतात.

मुलीनं फोटो मोठा केला. फांद्यांच्या मधल्या जागेत टाचणीनं टोचल्यासारखे लाल ठिपके, आणि एका कडेला बेसनाचे शिंतोडे वाळावेत तसे पिवळे डाग. वाढलेल्या साखरेनं केसाहून बारीक वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. कुठे फुगे येतात, कुठे रक्त झिरपतं. पिवळे डाग म्हणजे झिरपलेल्या पाण्यातली मागे राहिलेली चरबी आणि प्रथिनं. "मधला भाग वाचलाय, म्हणून ओळ वाचता आली," डॉक्टर काकांना म्हणाले. बारीक नजर त्या मधल्या भागातच असते. तिथे सूज आली की अक्षरं वाकडी दिसू लागतात.

याच्या पुढची पायरी त्यांनी कागदावर रेघा मारून समजावली. वाहिन्या बंद पडत गेल्या की उपाशी पडदा नव्या वाहिन्या उगवायला लावतो. त्या इतक्या कच्च्या असतात की फुटून डोळ्यात रक्त उतरतं. माणसाला काळे धागे, कधी जाळं तरंगताना दिसतं. बरेच जण तेव्हाच धावत येतात. लेसर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन तेव्हाही असतंच. पण लेसर मुख्यतः उरलेली नजर राखतो, गेलेली क्वचितच परत आणतो.

बाहेर एक बाई तीन महिन्यांत दुसऱ्यांदा चष्म्याचा नंबर बदलला म्हणून वैतागल्या होत्या. शुगर वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं नि ओसरतं, नंबरही त्याबरोबर हलतो. आधी शुगर स्थिरावू द्या, मग चष्मा करा, असं त्यांना सांगितलं गेलं. सगळ्यांनाच साखरेबरोबर रक्तदाबही सांभाळायला बजावत होते.

बारा वाजता काका पायरीवर उभे होते, उन्हात डोळे किलकिले. थेंबांचा अंमल उतरायला अजून चार-पाच तास. त्यांनी हातातली चिठ्ठी लांब धरली, जवळ आणली, मग माझ्यापुढे केली.

"बघा बरं, पुढची तारीख कधीची लिहिलीय?"