इमान आणि प्रमाण

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव हा धानाचा तालुका आहे. पूर्वी गावोगावी धान पायलीने मोजत. आता ते काट्यावर किलो आणि क्विंटलमध्ये मोजतात. साधन बदलले, पण लोकांची अपेक्षा बदलली नाही. माप चोख असावे, हीच ती अपेक्षा. जो माप कमी देतो त्याच्याविषयी मराठीत म्हणतात, 'त्याच्या मापात पाप आहे.'

चोख माप देणाऱ्या माणसासाठी मराठीत दोन शब्द आहेत. 'इमानदार' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. 'ईमान' हा अरबी शब्द. त्याला 'दार' हा फारसी प्रत्यय लागला. ज्याच्या मनात निष्ठा आहे, तो इमानदार. दुसरा शब्द 'प्रामाणिक'. तो संस्कृतातील 'प्रमाण' या शब्दापासून झाला. प्रमाण म्हणजे माप किंवा पुरावा. पहिला शब्द माणसाच्या मनाकडे पाहतो, दुसरा त्याच्या वागण्याकडे. मराठीने दोन्ही शब्द आपले मानले. 'त्यांनी इमानेइतबारे नोकरी केली,' या वाक्यातील 'इतबार' म्हणजे तुमचा 'एतबार'च होय.

शब्द सारखे असले तरी बोलण्याची रीत निराळी असते. उर्दूत आपण 'सच कहूँ तो' म्हणतो. मराठीत म्हणावे, 'खरं सांगायचं तर.' उर्दूत 'खोट' म्हणजे भेसळ किंवा दोष. मराठीत 'खोट' म्हणजे दोष, पण 'खोटे' म्हणजे 'झूठ'.

प्रामाणिकपणाची वाखाणणी करण्याचीही रीत आहे. दुकानदाराने चुकून जास्त आलेले पैसे परत केले, तर म्हणावे, 'तुमचा व्यवहार चोख आहे.' कोणी दिलेले वचन पाळले, तर म्हणावे, 'तो शब्दाचा पक्का आहे.' इंग्रजीत खरे बोलणाऱ्याला 'थँक यू फॉर बीइंग ऑनेस्ट' म्हणतात. त्याचे शब्दशः भाषांतर 'प्रामाणिक असल्याबद्दल धन्यवाद' असे होईल. पण घरात किंवा वर्गात असे कोणी बोलत नाही. मित्राला आपण म्हणतो, 'खरं सांगितलंस, बरं केलंस.' वडीलधाऱ्यांना म्हणावे, 'खरं सांगितलंत, बरं केलंत.'

हे छोटे वाक्य फार मोलाचे आहे. समजा, एखादा मुलगा म्हणाला, 'खरं सांगतो, तुझं पुस्तक माझ्याच हातून फाटलं.' त्यावर आपण नुसते रागावलो, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल आणि आळ दुसऱ्यावर येईल. पण आधी 'खरं सांगितलंस, बरं केलंस,' असे म्हटले आणि मग पुस्तक चिकटवायला त्यालाच बसवले, तर नुकसान भरून निघेल आणि खरे बोलण्याची त्याची हिंमतही टिकेल. खरे बोलणे हे एकट्या बोलणाऱ्याचे काम नाही. ऐकणाऱ्यानेही त्याला साथ द्यावी लागते.